पोटात वाहतं पाणी: 'कंटिन्युअस फ्लो' पेरिटोनियल डायलिसिस खरंच जास्त प्रभावी आहे का?

किडन्या निकामी झालेल्या माणसाचा आठवडा डायलिसिसच्या वारांवर चालतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार, नाहीतर मंगळवार-गुरुवार-शनिवार. दर वेळी मशीनला चार तास, आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. सेंटर गावापासून लांब असेल तर अख्खा दिवस जातो. घरातलं एक माणूस सोबत लागतं, त्याचाही रोज बुडतो. लग्नकार्य, पेरणी, मुलांच्या परीक्षा, सगळं या वारांच्या मधल्या फटीत बसवावं लागतं.

याला एक पर्याय आहे. पोटातून होणारं डायलिसिस, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस. यात सुया नाहीत, रक्त शरीराबाहेर काढणं नाही, आणि ते घरीच करता येतं. त्याची अडचण एवढीच, की ते सावकाश चालतं. रक्तातली घाण हळूहळू निघते. काही रुग्णांना, विशेषतः ज्यांची लघवी पूर्ण बंद झाली आहे आणि शरीर मोठं आहे त्यांना, ते अपुरं पडू शकतं.

हा वेग वाढवण्यासाठी पुढे आलेली पद्धत म्हणजे कंटिन्युअस फ्लो पेरिटोनियल डायलिसिस, थोडक्यात सीएफपीडी. पोटात पाणी साठवून ठेवण्याऐवजी ते सतत वाहतं ठेवायचं, एका नळीने आत आणि दुसऱ्या नळीने बाहेर. 'सुयांविना डायलिसिस', 'अंगावर घालायची किडनी' अशा मथळ्यांचे जे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यातल्या काही यंत्रांच्या मुळाशी हीच किंवा हिच्या जवळची कल्पना असते. मग ही पद्धत प्रभावी आहे का? उत्तर 'हो' असं आहे, पण ते कोणत्या कामासाठी, हे नीट पाहावं लागतं.

पोटाने रक्त गाळलं जातं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. आतडी, यकृत, पोटाची भिंत या सगळ्यांवर ते पसरलेलं असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. ते पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढं भरतं. या अस्तरात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं.

पेरिटोनियल डायलिसिससाठी पोटात एक मऊ नळी, म्हणजे कॅथेटर, छोट्या शस्त्रक्रियेने कायमची बसवतात. या नळीतून साधारण दोन लिटर निर्जंतुक द्रव पोटात सोडतात. त्यात क्षार असतात आणि साखर, म्हणजे ग्लुकोज असतं. रक्तातला युरिया, क्रिएटिनीन, जादा पोटॅशियम अस्तरातून झिरपून या द्रवात येतं. साखर शरीरातलं जादा पाणी ओढून घेते. चार-सहा तासांनी तो द्रव बाहेर काढायचा आणि ताजा भरायचा. दिवसातून साधारण चार वेळा. याला सीएपीडी म्हणतात. रात्री झोपेत मशीन ही भरती-ओहोटी करत असेल तर ते एपीडी.

आता मुद्दा वेगाचा. ताजा द्रव पोटात गेला की पहिल्या तासात युरिया भराभर त्यात येतो. पण जसजसा द्रव युरियाने भरत जातो, तसतसा रक्त आणि द्रव यांच्यातला फरक कमी होतो आणि झिरपणं मंदावतं. चार तासांनंतर दोन्हीकडचा युरिया जवळपास सारखा झालेला असतो. त्यानंतर द्रव पोटात असतो, पण युरिया काढण्याचं त्याचं काम जवळपास संपलेलं असतं.

साबणाचे कपडे बादलीत खळबळले की थोड्या वेळात बादलीतलं पाणीच साबणाचं होतं. मग कितीही वेळ ठेवा, कपड्यातला साबण आणखी निघत नाही. पाणी बदलावं लागतं. तेच कपडे नदीच्या धारेत धरले तर साबण निघतच राहतो, कारण समोर येणारं पाणी दर क्षणी नवं असतं. सीएपीडी ही बादली आहे. सीएफपीडी ही धार.

वाहत्या पाण्याचा आणखी एक फायदा होतो. साचलेल्या द्रवात अस्तराला चिकटून एक न हलणारा थर तयार होतो आणि तो झिरपण्याच्या आड येतो. प्रवाहाने द्रव ढवळला जातो, हा थर पातळ होतो. साखरेचंही तसंच. साचलेल्या द्रवातली साखर हळूहळू रक्तात शोषली जाते आणि पाणी ओढण्याचा जोर ओसरतो. प्रवाहात साखरेचं प्रमाण टिकून राहतं, त्यामुळे कमी तीव्रतेच्या द्रवातही जादा पाणी काढता येण्याची शक्यता निर्माण होते. मधुमेही रुग्णांसाठी ही गोष्ट लहान नाही. शिवाय तीव्र साखरेचा द्रव वर्षानुवर्षं वापरला की पोटाच्या अस्तराचंच नुकसान होतं.

आकडे काय सांगतात?

डायलिसिसची ताकद मोजताना डॉक्टर 'क्लिअरन्स' पाहतात. एका मिनिटात किती रक्तातला युरिया किंवा क्रिएटिनीन पूर्ण साफ झाला, याचं ते माप. निरोगी किडन्या मिनिटाला साधारण १०० ते १२० मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, तेही चोवीस तास.

सीएपीडीत रोज आठ लिटर द्रव आत जातो आणि पाणी ओढल्यामुळे साधारण साडेनऊ लिटर बाहेर येतो. चोवीस तासांत त्याची विभागणी केली तर युरियाचा क्लिअरन्स मिनिटाला सात मिलिलिटरच्या आसपास पडतो. सीएफपीडीत द्रव मिनिटाला १०० ते ३०० मिलिलिटर वेगाने फिरवतात. प्रौढ रुग्णांवरच्या वेगवेगळ्या छोट्या अभ्यासांत युरियाचा क्लिअरन्स साधारण ३० ते ५० मिलिलिटरपर्यंत गेल्याचं दिसलं आहे. म्हणजे चार ते सात पट.

अर्थात सीएपीडी चोवीस तास चालतं आणि सीएफपीडी फक्त रात्री करायचं असतं, हे विसरून चालत नाही. मग हिशोब असा होतो: मिनिटाला ४० मिलिलिटर, रात्रीचे आठ तास, आठवड्याचे सात दिवस. आठवड्याला साधारण १३४ लिटर रक्तद्रव युरियापासून साफ. सीएपीडीत हाच आकडा सुमारे ६५ लिटर. आणि सेंटरमधल्या रक्ताच्या डायलिसिसमध्ये, मिनिटाला २०० मिलिलिटर धरून आठवड्याचे बारा तास मोजले, तर १४४ लिटर. म्हणजे कागदावर तरी पोटातून होणारं हे डायलिसिस मशीनच्या डायलिसिसच्या शेजारी जाऊन बसतं, तेही सुया न टोचता आणि दिवस मोकळा ठेवून.

वेग वाढवत नेला की क्लिअरन्सही तितकाच वाढत जातो, असं मात्र नाही. एका मर्यादेनंतर अडसर पाण्याचा नसून अस्तराचा असतो. त्यातून वाहणारं रक्त आणि झिरपण्याची जागा ठरलेली असते. नदी कितीही जोरात वाहिली तरी कपडा तेवढाच.

कल्पना नवी नाही, शंभरीला आलेली आहे

सोशल मीडियावर या पद्धतीला 'नवं तंत्रज्ञान' म्हटलं जातं. खरं तर वाहत्या पाण्याची कल्पना आज रूढ असलेल्या सीएपीडीच्या आधीची आहे.

जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये किडनी बंद पडलेल्या रुग्णाच्या पोटात मिठाचं पाणी भरून काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९२० च्या दशकातच पोटात एका बाजूने पाणी सोडून दुसऱ्या बाजूने सतत काढण्याचे प्रयोग सुरू झाले होते. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये जेकब फाइन, हॉवर्ड फ्रँक आणि आर्नल्ड सेलिगमन यांनी सल्फा गटातल्या औषधामुळे लघवी बंद झालेल्या एका रुग्णावर ही 'पोट धुण्याची' पद्धत वापरली. दोन नळ्या, सतत प्रवाह. किडन्या पुन्हा सुरू झाल्या आणि रुग्ण वाचला. पेरिटोनियल डायलिसिसच्या इतिहासात ही केस मैलाचा दगड मानली जाते.

पण तेव्हा पाणी मोठ्या बाटल्यांतून यायचं, ते निर्जंतुक ठेवणं कठीण होतं, पोटात जंतुसंसर्ग व्हायचा, नळ्या तुंबायच्या. प्रवाहाची पद्धत मागे पडली आणि 'भरा, थांबा, काढा' ही पद्धत पुढे आली. १९६८ मध्ये सिॲटलच्या हेन्री टेंकहॉफ यांनी कायम पोटात राहू शकेल असा मऊ कॅथेटर तयार केला. आजही बहुतेक कॅथेटर त्याच धाटणीचे असतात.

१९७५-७६ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये इंजिनीअर रॉबर्ट पोपोविच आणि डॉक्टर जॅक मोनक्रिफ यांनी उलटा विचार केला. वेग वाढवण्याच्या मागे न लागता द्रव मुद्दाम तासन्‌तास पोटात ठेवायचा, तो पूर्ण भरू द्यायचा आणि मगच काढायचा. म्हणजे प्रत्येक थेंबाचा पुरेपूर वापर. दिवसाला आठ-दहा लिटर पुरले, मशीन लागलं नाही, माणूस पोटात द्रव घेऊन कामावर जाऊ लागला. पुढे टोरंटोत दिमित्रिओस ओरेओपुलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या आणि संसर्ग बराच घटला. सीएपीडी जगभर पसरलं. भारतात ते १९९१ मध्ये आलं.

तेव्हा सावकाश पद्धत जिंकली ती जास्त ताकदवान होती म्हणून नाही. ती घरात मावत होती म्हणून. सीएफपीडीच्या वाटेतली अडचण आजही तिथेच आहे.

मग अडलंय कुठे?

सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. मिनिटाला २०० मिलिलिटर वेगाने आठ तास द्रव वाहिला तर एका रात्रीत ९६ लिटर लागतात. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी पाच दिवसांत रिकामी व्हावी, एवढं. आणि हे नळाचं पाणी नाही. पोटात जाणारा प्रत्येक थेंब सलाइनसारखा निर्जंतुक आणि नेमक्या क्षारांचा हवा. दिवसाला आठ लिटरच्या पिशव्या घ्यायच्या तरी महिन्याला २४० लिटर होतात, घराचा एक कोपरा खोक्यांनी भरतो आणि खर्चाने कुटुंब मेटाकुटीला येतं. त्याच्या बारा पट पिशव्या कोणी विकत घेऊ शकत नाही.

त्यामुळे दोनच वाटा उरतात. एक, घरीच पाणी अतिशुद्ध करून तिथल्या तिथे द्रव तयार करायचा. दुसरी, तोच दोन-तीन लिटर द्रव पुन्हा पुन्हा वापरायचा. पोटातून बाहेर आला की यंत्रातून साफ करायचा आणि परत आत सोडायचा. १९६५ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी बाहेर आलेला द्रव रक्ताच्या डायलिसिसच्या कृत्रिम किडनीतून फिरवून साफ करून दाखवला होता. क्लिअरन्स उत्तम मिळाला. पण घरात पोटाचं डायलिसिस करायचं आणि त्यासाठी शेजारी रक्ताच्या डायलिसिसचं मशीनही ठेवायचं, तर मग मूळ फायदा काय राहिला?

म्हणून आज जास्त भर आहे तो शोषक काडतुसांवर. त्यात युरिएज नावाचं एन्झाइम युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतं, झिर्कोनियम फॉस्फेट तो अमोनिया पकडतं आणि सक्रिय कोळसा क्रिएटिनीनसारखे पदार्थ शोषून घेतो. हे रसायन १९७० च्या दशकापासून रक्ताच्या डायलिसिसमध्ये वापरलं गेलं आहे. धोकाही उघड आहे. काडतुसाची क्षमता संपली आणि ते वेळेवर बदललं नाही तर अमोनिया रुग्णाच्या पोटात जाऊ शकतो. शिवाय हे काडतूस कॅल्शियम-मॅग्नेशियमही काढून घेतं, ते मोजून परत मिसळावं लागतं.

दुसरा प्रश्न नळ्यांचा. आत येणारा द्रव पोटभर पसरून मग बाहेर पडायला हवा. आत आणि बाहेरची तोंडं जवळ असली तर ताजा द्रव सरळ शॉर्टकट घेतो, अस्तराला न भिडताच बाहेर पडतो. मग यंत्रावर वेग दिसतो, पण सफाई होत नाही. यासाठी काही ठिकाणी दोन कॅथेटर लांब-लांब बसवतात. काहींनी एकाच नळीत दोन मार्ग असलेले कॅथेटर तयार केले. इटलीतल्या विचेंझा इथल्या क्लॉडिओ रोन्को यांच्या गटाने द्रव फवाऱ्यासारखा पसरवणाऱ्या टोकाचा कॅथेटर मांडला, अमेरिकेतही वेगळ्या आकारांवर काम झालं. पण टेंकहॉफच्या साध्या नळीसारखी कुठेही मिळणारी, वर्षानुवर्षं टिकलेली नळी या पद्धतीला अजून लाभलेली नाही. आणि दोन नळ्या म्हणजे पोटाला दोन भोकं, संसर्गाच्या दोन जागा.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो फारसा बोलला जात नाही. मिनिटाला २०० मिलिलिटर आत जातंय आणि बाहेरची नळी आतड्याच्या चरबीच्या पदराने तुंबली, तर पाच मिनिटांत पोटात एक लिटर जादा द्रव साठतो. रुग्ण झोपेत. पोट ताणतं, श्वासाला अडथळा होतो, हर्निया वाढू शकतो. त्यामुळे आत-बाहेरचा हिशोब सतत ठेवणारे आणि दाब वाढताच थांबणारे पंप हवेतच. साध्या पिशवीच्या डायलिसिसमध्ये हा धोका नाही, तिथे जास्तीत जास्त जाईल ते दोन लिटर.

चौथी गोष्ट प्रथिनांची. साध्या पेरिटोनियल डायलिसिसमध्येही रोज साधारण पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं द्रवासोबत वाहून जातात. सतत ताजा द्रव सोडून टाकून देण्याच्या पद्धतीत हे नुकसान वाढू शकतं. तोच द्रव फिरवला तर बरीच प्रथिनं आतच राहतात. आधीच भूक मेलेल्या आणि पथ्यात अडकलेल्या रुग्णासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

जास्त सफाई म्हणजे जास्त आयुष्य?

बहुतेक व्हिडिओ ज्या प्रश्नापाशी पोचतच नाहीत तो हा. क्लिअरन्स चार-सहा पट वाढला म्हणजे रुग्ण जास्त जगेल, जास्त बरं वाटेल, असं गृहीत धरलं जातं. ते तपासून पाहिलं गेलं आहे, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं.

मेक्सिकोत 'अ‍ॅडेमेक्स' नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सीएपीडीवरच्या ९६५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचं रोजच्या चार पिशव्यांचं नेहमीचं डायलिसिस चालू ठेवलं, दुसऱ्या गटाला जास्त द्रव देऊन क्लिअरन्स वाढवला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत जगलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या १,८४६ रुग्णांच्या 'हेमो' चाचणीने रक्ताच्या डायलिसिसबाबतही असंच सांगितलं: नेहमीच्या डोसपेक्षा जास्त डोस देऊन एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

याचा अर्थ डायलिसिस कमी केलं तरी चालतं असा नाही. एका किमान पातळीखाली गेलं की रुग्ण नक्की बिघडतो. पण त्या पातळीच्या वर युरिया आणखी धुऊन काढण्याने आयुष्य वाढतंच असं दिसलेलं नाही. कारण रुग्णाचा जीव युरियापेक्षा इतर गोष्टींत अडकलेला असतो. अंगात साठणारं पाणी, त्यामुळे हृदयावर येणारा ताण, वाढलेलं फॉस्फरस, पोटातला संसर्ग, कुपोषण, स्वतःच्या किडनीत उरलेलं थोडंबहुत काम. अ‍ॅडेमेक्सनंतर जगभरच्या तज्ज्ञांचा कलही बदलत गेला. निव्वळ आकडा गाठण्यापेक्षा रुग्णाची सूज, पोषण, रोजचं जगणं याकडे पाहून डायलिसिस ठरवावं, असं आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीच्या २०२० च्या शिफारशी सांगतात.

सीएफपीडीचं मोजमापही याच कसोटीवर करायला हवं. प्रौढांवर जे अभ्यास झाले ते छोटे आणि थोड्या काळाचे आहेत. त्यात क्लिअरन्स वाढतो हे ठामपणे दिसतं. पण वर्षानुवर्षं ही पद्धत वापरून रुग्ण जास्त जगतात किंवा कमी वेळा ॲडमिट होतात, हे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. म्हणूनच किडनीच्या दीर्घकालीन आजारासाठी ती नेहमीचा उपचार बनलेली नाही. तिचा खरा फायदा कदाचित युरियाऐवजी दुसरीकडेच निघेल: कमी साखरेत जास्त पाणी काढणं आणि अस्तर जास्त वर्षं टिकवणं. हे सिद्ध झालं तर ती मोठी गोष्ट असेल.

जिथे वेगाने खरोखर जीव वाचू शकतो

एका परिस्थितीत मात्र वेगाला पर्याय नसतो. किडनी अचानक बंद पडते तेव्हा. मलेरिया, जुलाबांनी झालेलं निर्जलीकरण, सर्पदंश, पावसाळ्यात कोकणात डोकं वर काढणारा लेप्टो, या सगळ्यांत असं होऊ शकतं. पोटॅशियम तासातासाने चढतं, फुप्फुसात पाणी भरतं. तिथे पुढच्या दोन वर्षांचा प्रश्नच नसतो, प्रश्न पुढच्या रात्रीचा असतो. आणि बहुतेकदा एवढी रात्र निभावली तर किडन्या पुन्हा सुरू होण्याची आशा असते.

तान्ह्या बाळांमध्ये रक्ताचं डायलिसिस अवघड असतं. शिरा बारीक, अंगातलं रक्त कमी, खास यंत्रं महाग. म्हणून अनेक देशांत, भारतातही, अशा बाळांसाठी पोटाचं डायलिसिस वापरलं जातं. पण कधीकधी तीव्र साखरेचा द्रव वापरूनही पुरेसं पाणी निघत नाही.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या रेड क्रॉस वॉर मेमोरियल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी नेमक्या अशा मुलांवर सीएफपीडी वापरून पाहिलं. दोन कॅथेटर, सतत प्रवाह. २०११ मध्ये त्यांनी पहिले अनुभव प्रसिद्ध केले. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत युरिया आणि क्रिएटिनीनचा क्लिअरन्स कित्येक पटींनी जास्त होता आणि जादा पाणीही बरंच जास्त निघालं. पुढे त्यांनी महागडं यंत्र टाळून गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने प्रवाह चालू ठेवणारी साधी मांडणी केली आणि तिची चाचणीही घेतली. त्याच मुलावर दोन्ही पद्धती एकामागून एक वापरायच्या, आधी कोणती हे चिठ्ठीने ठरवायचं. तिथेही प्रवाहाची पद्धत सरस ठरली.

मुलांची संख्या कमी आहे, पण हे काम लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'अंगावर घालायची किडनी' बातम्यांत झळकते, आणि पद्धतीचा सर्वांत स्पष्ट फायदा दिसला तो कमी साधनांत काम करणाऱ्या मुलांच्या वॉर्डात. अचानक किडनी बंद पडलेल्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०२० मध्ये याची दखल घेतली. नेहमीच्या पोटाच्या डायलिसिसने पुरेशी सफाई किंवा पाणी निघत नसेल तर सीएफपीडीचा विचार करावा, मात्र अनुभव मर्यादित असल्याने तिला प्रायोगिकच समजावं, असं त्या सांगतात.

अंगावरच्या किडनीचं काय?

द्रव पुन्हा पुन्हा साफ करून वापरणारी छोटी यंत्रं हे या शर्यतीतलं पुढचं वळण. सिंगापूरच्या 'अवाक' या यंत्राची पहिली मानवी चाचणी सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये १५ रुग्णांवर झाली. युरिया-क्रिएटिनीन कमी झाले, गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. पण बऱ्याच जणांना पोटात अस्वस्थता आणि फुगल्यासारखं वाटलं. हे यंत्र खऱ्या अर्थाने सतत प्रवाहाचं नाही. ते एकाच नळीतून थोडा थोडा द्रव आत-बाहेर करतं, लाटेसारखा. नेदरलँड्समध्ये युरोपीय संघाच्या निधीतून 'वीकिड' नावाच्या प्रकल्पात एकाच साध्या कॅथेटरमधून जवळपास अखंड प्रवाह मिळवण्याचा प्रयत्न आहे, त्याचे प्रयोग आधी प्राण्यांवर झाले.

म्हणजे आज एखाद्या रुग्णाने आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला 'मला सीएफपीडी द्या' असं म्हटलं तर नेहमीच्या हॉस्पिटलमध्ये ते मिळणार नाही. मात्र त्यामागची गरज सांगितली तर हाताशी असलेले मार्ग बरेच निघतात. पोटाचं डायलिसिस चालू असून सूज उतरत नसेल किंवा रिपोर्ट बिघडत असतील, तर द्रव पोटात ठेवण्याची वेळ बदलता येते, पिशव्या वाढवता येतात, साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिनचा द्रव लांबच्या वेळेसाठी वापरता येतो, किंवा रात्रीच्या मशीनवर जाता येतं. या मशीनमध्ये 'टायडल' नावाचा एक प्रकार असतो. त्यात पोट पूर्ण रिकामं न करता थोडा द्रव आत ठेवून बाकीचाच बदलत राहतात. वाहत्या धारेच्या दिशेने टाकलेलं ते अर्धं पाऊल आहे. पोट रिकामं होताना ज्यांना दुखतं त्यांना त्याने आराम पडतो. कोणाला काय लागू पडेल हे अस्तराची झिरपण्याची क्षमता मोजणाऱ्या तपासणीवरून ठरतं. ही तपासणी साधारण चार तासांची असते, तिला पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट किंवा 'पेट' म्हणतात, आणि तिच्यासाठी पोटातला थोडा द्रव आणि रक्ताचा नमुना एवढंच लागतं.